सिस्टरचं बेक

भोरच्या आठवडी बाजारात सिस्टर भाजी विकत घेत नसत, तपासत असत. दुधी उचलायच्या, त्याच्या पोटावर डाव्या हाताची दोन बोटं ठेवायच्या, उजव्या हातानं त्यांवर टकटक करायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. मग विकणाऱ्या बाईला म्हणायच्या, "याचे दिवस भरून गेले गं. परवाच तोडायला पायजे होता." दोडक्याच्या शिरांवरून अंगठा फिरवायच्या, वांग्याची टोपी वर करून खाली डोकावायच्या. बायका रागवत नसत. त्यांतल्या निम्म्याजणींच्या पोटावर तीच दोन बोटं कधी ना कधी ठेवली गेलेली होती.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्सबाई. सगळी नोकरी हिर्डोशीच्या खोऱ्यात आणि वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करण्यात गेली. एसटी जिथं संपते तिथून पुढं त्यांची ड्युटी सुरू व्हायची. त्यांना नावानं हाक मारणारं मी कुणी पाहिलं नाही, आणि त्याही कुणाला नावानं हाक मारत नसत. माणूस जन्माला कसा आला हे त्यांच्या पक्कं लक्षात असे. पुढं तो कोण झाला, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. एकदा एसटी स्टँडवर एक पुढारी चालले होते, कडक इस्त्रीचे कपडे, मागंपुढं माणसं. सिस्टर छत्री उंचावून ओरडल्या, "काय रं पायाळू, आईचा गुडघा कसा हाय?" पुढारी थांबले, वाकून पाया पडले आणि गुडघ्याची सगळी हकीगत सांगून गेले. त्यांची माणसं मात्र त्या दिवसापासून त्यांना पाठीमागं पायाळूच म्हणायला लागली, असं कानावर आलं.

मी त्यांची भाडेकरू. माझ्या अब्बांची हायवेवर, कामथडीच्या जरा अलीकडं, छोटी बेकरी होती. नव्वदीच्या दशकात मला भोरच्या एका शाळेत नोकरी लागली. शाळा सकाळची, आणि सकाळच्या एसटीचा काही भरवसा नाही, म्हणून मी गावात खोली शोधायला लागले. खोल्या पुष्कळ रिकाम्या होत्या. मी नाव सांगितलं की त्या भरायच्या. कुणाचा पुतण्या पुण्याहून यायचा असे, कुणाची लेक बाळंतपणाला. सिस्टरच्या दारात पोचेपर्यंत मी इतकी वैतागले होते, की नमस्कारसुद्धा न करता आधी नावच सांगून टाकलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. दारातच माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघितली आणि म्हणाल्या, "रक्त कमी हाय. सामान कुठंय?" एवढ्यावर मुलाखत संपली.

सिस्टर बुटक्या, काळ्यासावळ्या. रिटायर झाल्यावरही अंगावर पांढरंच पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, भर उन्हाळ्यात काखेत छत्री. मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ असायचं, त्याचा सेकंदकाटा बंद पडला की त्या घड्याळच बंद पडलं असं म्हणत. बोलता बोलता समोरच्याचं मनगट हातात घ्यायची त्यांना सवय होती. आपल्याला वाटायचं माया करतायत. त्या नाडी मोजत असत. "नाडी खोटं बोलत न्हाई, मास्तरीणबाई. त्वांड बोलतं," असं म्हणायच्या. त्यामुळं मी त्यांच्याशी बोलताना हात पाठीमागं बांधून उभी राहायला शिकले.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्यांच्या घरात बेक सुरू व्हायचं. बेक म्हणजे भाजलेल्या भाज्यांचं एक तोंडीलावणं. ट्रेनिंगला असताना मिशनच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंनी शिकवलेलं. मेट्रनबाई त्याचं काहीतरी लांबलचक नाव सांगायच्या, त्यातलं सिस्टरच्या लक्षात एवढंच उरलं होतं. त्यासाठी त्यांच्याकडं ॲल्युमिनियमचा एक गोल ओव्हन होता, बसक्या डब्याच्या आकाराचा, झाकणाला मधोमध काच. तो ओव्हन आज माझ्या माळ्यावर आहे. वायर उंदरांनी खाल्ली, काचेला तडा गेलाय, पण टाकून द्यायला हात होत नाही.

करायची रीत ठरलेली. वांगी आणि दुधी यांच्या चकत्या करायच्या, त्यांना मीठ चोळून परातीत पसरायचं, वर ताट उपडं घालायचं आणि ताटावर वरवंटा ठेवायचा. तासाभरानं भाजीला पाणी सुटलं की चकत्या मुठीत धरून घट्ट पिळायच्या. ते खारट पाणी मोरीत जायचं. मग पातेल्यात थर लावायचे. वांग्याचा, दुधीचा, कांद्याचा, टोमॅटोचा. मधेमधे लसूण, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट, आणि प्रत्येक थरावर पुन्हा चिमटीनं मीठ, कारण पहिलं मीठ पाण्याबरोबर निघून गेलेलं असे. मेट्रनबाई सगळ्यात वर चीज किसायच्या म्हणे. त्या काळी भोरात कुणी चीज मागितलं असतं तर दुकानदारानं साबणाची वडी काढून दिली असती. सिस्टर त्याऐवजी टोस्टचा चुरा पसरायच्या आणि त्यावर लोण्याचे बारके बारके गोळे ठेवायच्या.

टोस्ट माझ्या अब्बांच्या बेकरीतले. मोडके, विकायला न चालणारे मी पिशवी भरून आणायचे. अब्बांना याची मोठी गंमत वाटायची. अब्बांचा टोस्ट खोऱ्यातल्या सगळ्या घरांत जायचा, तो कुणी मळला, कुणाच्या भट्टीत भाजला, हे कुणी विचारायचं नाही. चहात बुडवला की त्याची जात विरघळत असावी. खोलीची जात तेवढी विरघळत नव्हती, एवढाच माझा अनुभव.

पातेलं ओव्हनमध्ये गेलं की सिस्टर समोर पाट टाकून बसायच्या. हातात बॅटरी. तीच बॅटरी जिच्या उजेडात त्यांनी उभी नोकरी केली. मधूनमधून काचेवर उजेड मारून आत बघायच्या. वरचा चुरा तांबूस व्हायला लागला की सुटकेचा श्वास टाकून म्हणायच्या, "आता लागली बाई वाटंला." मी घाई करायला लागले, झाकण उघडायला गेले, की हातावर फटका. "घाई केली की टाके पडत्यात. बस गप."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात खोऱ्यातून सिस्टरकडं भाजी यायची. विहिरीच्या कडेला, नदीच्या काठाला केलेली वांगी, दुधी, दोडके. बाळंतपणाची आठवण ठेवून कुणीकुणी पाठवायचं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात भाजी, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि पातेलं एसटीच्या कंडक्टरच्या हवाली. कंडक्टर स्टँडवर उतरवून ठेवायचा आणि सिस्टर जाऊन आणायच्या. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. सिस्टर साखर घालत नसत. ज्याची भाजी, त्याच्याच पातेल्यात बेक करायच्या, त्याच फडक्यानं बांधायच्या आणि त्याच कंडक्टरच्या हाती परत धाडायच्या. महिनाभर हे चालायचं. ओव्हनमध्ये एका वेळी एकच पातेलं मावायचं, त्यामुळं सकाळपासून घरात लसणाचा वास आणि लायनीत उभी पातेली.

मेख इथंच होती. सिस्टर बौद्ध. भाजी पाठवणारी बरीच घरं अशी, की त्यांच्या लेकीसुनांना अडल्यावेळी सिस्टरचा हात चालला होता, पण सिस्टरच्या घरचा चहा चालत नव्हता. भोरला आले की माणसं दारापर्यंत यायची, अंगणात उभ्यानं पोटभर बोलायची. सिस्टर चहाचं विचारायच्या. "आत्ताच घेतला की, स्टँडवर," ठरलेलं उत्तर. सिस्टर हसून मान हलवायच्या. आणि मग त्यांच्याच पातेल्यात, त्यांचीच भाजी, स्वतःच्या हातानं शिजवून त्यांच्या दारात पोचवायच्या. आपलं भांडं भरून परत आलं, त्याला नको कसं म्हणणार? खायचं की नाही, एवढंच त्यांच्या हातात उरायचं.

"खात नसतील तर कशाला एवढा आटापिटा?" मी एकदा चिडून विचारलं होतं. मला त्या वयात फार लवकर चीड यायची. अजूनही येते.

"मी धाडायचं काम करते. खायाचं का न्हाई, त्ये त्येंचं त्येंनी बघावं," त्या म्हणाल्या.

पण ते काही खरं नव्हतं. कोण खातं आणि कोण नाही, हे त्या डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात तीच पातेली परत यायची. आल्याबरोबर सिस्टर आतली भाजी परातीत ओतायच्या आणि पातेलं उजेडात धरायच्या. बेकची खरवड फार चिवट. कडेला आणि तळाला अशी चिकटते, की खाणाऱ्याला चमच्यानं खरडून काढल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळी चव तिच्यातच असते. अशा घरच्या पातेल्यावर बारीक रेघा उमटलेल्या असत. जी घरं खात नाहीत ती आतलं ओतून देणार आणि मग पातेलं राखेनं घासघासून लख्ख करणार, विटाळ जावा म्हणून. हा त्यांचा हिशेब. रेघा दिसल्या की त्या पातेलं मला दाखवायच्या, "बघ, ही खात्यात." लख्ख पातेलं तसंच खाली ठेवायच्या.

गुंजवण्याकडच्या एका घरचं पातेलं त्यांनी खुंटीला अडकवून ठेवलं होतं. आतून रेघांनी नुसतं ओरखडून निघालेलं. धरणाच्या कामात ते घर उठलं, माणसं कुठं गेली ते कळलं नाही, आणि पातेलं सिस्टरकडं राहून गेलं. त्यात त्या दुसरं काही शिजवत नसत. कुणी मागितलं तर म्हणायच्या, "त्ये माजं न्हाई. त्येंचं हाय."

बाकीच्या लख्ख पातेल्यांचं त्या फारसं मनावर घेत नसत. जीव अडकला होता तो एकाच पातेल्यात. हिर्डोशीच्या पलीकडच्या वाडीतल्या एका म्हातारीचं, तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण फार अडलं होतं. दवाखान्यात न्यायला वाहन नाही, रस्ता नाही. सिस्टर चालत गेल्या आणि सूनबाई मोकळी होईपर्यंत त्या घरातून हलल्या नाहीत. मुलगी झाली, निळी पडलेली. सिस्टरनी तिला रडवलं. त्या सगळ्या काळात आक्का त्यांच्या शेजारी बसून होत्या, हातात हात धरून. आणि चहा आला तो कान तुटलेल्या कपातून. चहा झाल्यावर आक्कांनी तो कप बोटांच्या चिमटीत धरला आणि बाहेर वळचणीला नेऊन ठेवला.

ही गोष्ट सिस्टरनी मला एकदाच सांगितली, ओव्हनच्या काचेवर बॅटरी मारता मारता. "एका हातानं माजा हात धरलेला बाईनं. अगदी घट्ट. आन् दुसऱ्या हातानं कप वळचणीला." मग म्हणाल्या, "मला कुणाचं काय न्हाई. पर त्या बाईनं खावं असं वाटतं."

आक्कांचं पातेलं दर उन्हाळ्यात यायचं, न चुकता. भाजी निवडक, दुधी कोवळे लुसलुशीत. आणि पातेलं आरशासारखं लख्ख. एक रेघ नाही.

"आक्का मुळातच टापटिपीच्या असतील," मी म्हणायचे.

"असंल," सिस्टर म्हणायच्या आणि पातेलं खाली ठेवायच्या.

एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात यायला बरेच उन्हाळे जावे लागले. सिस्टर बेक कधी चाखून बघत नसत. शिजवताना नाही, झाल्यावर नाही. आमच्या घरच्या वाट्याचं पातेलं सगळ्यात शेवटी व्हायचं आणि त्यातच त्या पहिला घास घेत. मी एकदा चमचा घेऊन धाडायच्या पातेल्यातली कडेची खरवड काढायला गेले तर माझ्या हातातून त्यांनी चमचा काढून घेतला. "उष्टं हुईल."

"पण मीठ-मिरची बघायला नको?"

"बाकीच्या बायकांनी चाखलं तर चाखलं. मी चाखलं तर म्हनतील, उष्टं धाडलं." आणि तोंड फिरवून लसूण सोलायला बसल्या. मला वाईट वाटलं. ज्यांनी त्यांना वळचणीचा कप दिला त्यांच्यासाठी ही बाई इतकं सोवळं पाळत होती, याचा रागही आला. दोन्ही मी गिळून टाकलं, कारण त्यांना कीव चालत नसे.

आणि मग तो खारट उन्हाळा आला. भारनियमन तेव्हा जोरात होतं. वीज कधी जाणार याची वेळ ठरलेली, पण कधी येणार ते कुणी सांगू शकायचं नाही. त्या सकाळी पातेली लायनीत, हिर्डोशीची गाडी दुपारी सुटणार, आणि वीज जायच्या आत सगळं उरकायचं. सिस्टर चकत्या करत होत्या, मी थर लावत होते, मग मी चकत्या आणि त्या थर. मीठ चोळलेल्या चकत्या पिळायच्या राहिल्या. त्यांना वाटलं मी पिळल्या, मला वाटलं त्यांनी. त्याच खारट पाण्यासकट त्या थरांत गेल्या आणि वर पुन्हा चिमटीचं मीठ पडलं. कुणी एक घास चाखला असता तर जागेवर कळलं असतं. पण चाखणार कोण? वीज जायच्या आत ओव्हन उरकला, फडकी बांधली आणि पातेली गाडीत बसली. घाई केली की टाके पडतात, हे मी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी आमचं पातेलं घेऊन जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. दोघींनी एकदमच तांब्या उचलला. बेक नव्हतं, मिठागर होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची बाई हसत हसत आली. त्यांच्या घरी सिस्टरचं बेक आवडीनं खायचे. "काय सिस्टर, मिठाची गोणी सांडली व्हय? आमचे हे म्हनले, सिस्टरला म्हनावं मीठ सस्त झालंय का?" सिस्टर हसल्या. ओशाळल्याही.

मग खोऱ्यातून निरोप यायला लागले. कंडक्टर खिडकीतून ओरडून सांगायचा, "सिस्टर, वरच्या वाडीवाल्यांनी सांगितलंय, लई झ्याक झालं व्हतं!" बाजाराला आलेली एक बाई अंगणात उभी राहून म्हणाली, "सिस्टर, औंदाचं तर बाई काय सांगू, बोटं चाटत ऱ्हायली पोरं." सिस्टरनी सवयीनं तिचं मनगट हातात घेतलं. घड्याळाकडं बघत राहिल्या. "बोटं चाटली व्हय," म्हणाल्या. "बरं झालं." बाई गेली. मी चहा ठेवला. त्या उन्हाळ्यात खोऱ्यातून जो जो निरोप आला तो कौतुकाचाच. ही घरं खात नाहीत, असं एवढी वर्षं पातेली उजेडात धरून त्यांना जे नुसतं वाटत होतं ते आता माणसं आपल्या तोंडानं, हसत हसत, अंगणात उभी राहून सांगत होती. मला एकेकाला जाऊन विचारावंसं वाटत होतं. सिस्टर म्हणाल्या, "काय बोलू नगंस. खोटं का हुईना, बरं वाटावं म्हनून बोलत्यात."

आक्कांकडून मात्र काहीच आलं नाही. कौतुक नाही, निरोप नाही. सिस्टर रोज दुपारी स्टँडवर जायच्या, बाजाराची पिशवी घेऊन, जणू काही दुसरंच काम आहे. हिर्डोशीच्या गाडीच्या कंडक्टरला विचारायच्या, "काय बोलली का म्हातारी?" तो मान हलवायचा. परत येऊन त्या जेवायच्या नाहीत. म्हणायच्या, ऊन लागलंय.

आणि एका दुपारी आक्काच आल्या. इतक्या वर्षांत त्यांचं पातेलं यायचं, त्या कधी आल्या नव्हत्या. नऊवारी, पाठीत वाकलेल्या, कमरेवर तेच पातेलं. अंगणात शेवग्याखाली उभ्या राहिल्या आणि दम खायच्या आधीच ओरडल्या, "सिस्टर! तुमाला बरंबिरं हाय न्हवं?"

सिस्टर दारात आल्या. "मला काय झालं?"

"मग त्ये काय धाडलं व्हतं? घास तोंडात धरवंना! इतक्या सालांत कदी असं झालं न्हाई. म्हनलं सिस्टरचं डोळं गेलं, का डोकं फिरलं, का जिवाला काय झालं. चार दिस मनाला लागून ऱ्हायलं. लेकाला म्हनलं, मला गाडीत बशीव."

सिस्टर चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "तुमी खाल्लं?"

"न खाऊन सांगतीय व्हय? खारट लागलं म्हनून टाकायचं जिवावर आलं. बटाटं घातलं, पानी घातलं, कालवन केलं आन् सगळ्यांनी भातासंगं खाल्लं. रातभर समदी पानी पीत बसली."

सिस्टर अंगणात उतरल्या. आक्कांच्या पुढं जाऊन त्यांचं मनगट धरलं. माझ्याकडं पाठ होती, पण घड्याळाचा हात वर आलेला मला दिसला.

"नाडी बघतीस व्हय माजी? बघ, बघ," आक्का म्हणाल्या. तुमीचं तू झालं ते दोघींच्याही लक्षात आलं नसावं. "खोटं कशाला बोलू? पयल्या दोन सालांचं म्हशीला घातलं. खाल्लं न्हाई. पुढं एकदा नात पातेल्यात बसून खरवड खात व्हती, तुजीच ती पोर. म्या वरडाय गेले तर तिनं माज्या तोंडात घातली. मग तवापासनं खातोय आमी. तिच्या वाटची खरवड ती कुनाला हात लावू देत न्हाई."

सिस्टरनी मनगट सोडलं नाही. "मग भांडं कसं लख्ख येतं? एक रेघ नसती त्यात."

"आता गं बाई! सिस्टरकडं जायाचं भांडं त्ये. तूच न्हाई का त्या टायमाला म्हनलीस, भांडी उकळून घ्या, राखंनं घासून घ्या, एक डाग दिसला तर मी हात लावनार न्हाई? सूनबाईची शुद्ध हरपलीया आन् तू मला भांडी घासाय लावलीस. तवापासनं तुज्याकडं यायचं भांडं म्या दुसऱ्या कुनाला घासू देत न्हाई."

मी आत पळाले. रडू येत होतं आणि ते सिस्टरना दिसलेलं चाललं नसतं. एवढे उन्हाळे उजेडात धरून बघितलेलं ते लख्ख पातेलं. त्यांनीच शिकवलेली ती घासणी, आणि त्यांनीच तिचा अर्थ उलटा लावला होता. पहिल्या दोन वर्षांचा अर्थ बरोबर होता, हेही खरंच.

"चल आत," अंगणातून आक्कांचा आवाज आला. "माज्यासमूर कर. तुजा हात बिघडलाय का न्हाई, बघूनच जाते." आणि त्या वाकून, उंबऱ्याला हात टेकून, आत आल्या. पाटावर बसल्या. मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकर मारून प्यायल्या आणि म्हणाल्या, "साखर लई घालती ही पोरगी."

वीज होती, हे त्या दिवसाचं नशीब. सिस्टरनी चकत्या केल्या, मीठ चोळलं, वरवंटा ठेवला. मग पिळलं ते असं, की चकत्यांचा जीव जायचा बाकी राहिला. थरांवर मीठ टाकताना मात्र चिमटीतलं अर्धं मीठ त्या परत डब्यात टाकत होत्या. इतकी वर्षं डोळे मिटून मीठ टाकणारा हात, आता दर थराला अडत होता. आक्का बघत होत्या. पातेलं ओव्हनमध्ये गेलं. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी पाट टाकून बसल्या. आक्कांनी बॅटरी मागून घेतली आणि काचेवर मारून बघितली. "लाल व्हायाला लागलं गं," म्हणाल्या.

झाकण उघडलं, घरभर लसणाचा वास सुटला. सिस्टर फडकं शोधायला लागल्या.

"आदी चाख की," आक्का म्हणाल्या. "परत तसंच धाडशील कुनाला."

"उष्टं हुईल."

आक्कांनी कपाळावर हात मारला. "माजी नात आदी तुज्या हातात पडली, मग माज्या. तवा ती उष्टी न्हाई झाली. आन् आता दुदीच्या फोडीचं काय घिऊन बसलीस? चाख."

मी चमचा दिला. सिस्टरनी पातेल्याच्या कडेची खरवड काढली. तळापासून वरपर्यंत एक लांब रेघ उठली. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळत राहिल्या. डोळे पाण्यानं भरले होते. ते पुसायला मात्र त्यांनी पदर वर केला नाही.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

आक्कांनी त्यांच्या हातातून तोच चमचा घेतला, दुसऱ्या कडेची खरवड काढली आणि तोंडात टाकली.

"व्हय," म्हणाल्या, "जरा कमीच हाय."